कठड्याला टेकून पाहिलेलं मुंबई बंदर

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना वाक्यं जशी आली, तशीच बऱ्याच ठिकाणी ठेवली आहेत.)

आजचा भाग थोडा वेगळा आहे. एरवी आपण एखादी लढाई घेतो, एखादा तह घेतो आणि त्याच्या मागे-पुढे फिरतो. आज फक्त दोन-अडीच तासांचा प्रवास आहे. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यापासून खांदेरीच्या दिव्यापर्यंत, क्रूझच्या डेकवरून.

यंदा जानेवारीत मी बाबांना घेऊन क्रूझला गेले होते. बाबांचं वय ८३. जन्म रेवसजवळच्या एका गावातला, नंतरचं सगळं आयुष्य मुंबईत. त्यांना क्रूझबिझची हौस अजिबात नाही. "पाण्यावर हॉटेल कशाला पाहिजे?" असं त्यांचं मत. पण बहिणीने तिकिटं काढून ठेवली होती, पैसे परत मिळणार नव्हते, आणि पैसे वाया जाणं हे बाबांना समुद्रापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. म्हणून आले.

टॅक्सीतून बॅलार्ड इस्टेटला उतरलो आणि तिथेच पहिली गोष्ट सुरू झाली. बाबा म्हणाले, "साठ वर्षं या शहरात काढली, पण या फाटकाच्या आत आजच आलो." खरंय ते. मुंबईकराला समुद्र म्हणजे चौपाटी, मरीन ड्राइव्ह, वरळी, जुहू. सगळं पश्चिमेला. ज्या समुद्रामुळे हे शहर झालं, तो पूर्वेचा समुद्र भिंतींच्या, गोदामांच्या आणि फाटकांच्या पलीकडे राहिला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, मग व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक. हा शेवटचा डॉक खणताना निघालेल्या मातीने समुद्र बुजवला आणि त्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. म्हणजे आमची टॅक्सी जिथे थांबली, ती जमीन शेजारच्या खड्ड्यातून आलेली. इमारतींची रचना जॉर्ज विटेट या वास्तुरचनाकाराची. गेटवेसुद्धा त्याचाच.

इथेच एक रेल्वे स्टेशन होतं, बॅलार्ड पिअर मोल. विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरायचा आणि थेट गाडीत बसायचा. फ्रंटिअर मेलसारखी गाडी इथून निघून त्याला पार पेशावरपर्यंत न्यायची. मुंबईच्या रस्त्यावर पाय ठेवायचीही गरज नाही. आणि आमची माणसं? ती उत्तरेला, भाऊच्या धक्क्यावर. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या धक्क्याचं हे नाव. रत्नागिरी-कुलाब्याकडून पेटारा, गाठोडं आणि आमसुलांची पिशवी घेऊन आलेला चाकरमानी आगबोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरायचा आणि गिरणगावाची वाट धरायचा. बंदर एकच, दारं दोन.

आता बोटीवर चढलो. चढल्या चढल्या पहिलं काम म्हणजे सुरक्षेची कवायत. भोंगा वाजतो, ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात. लोक कंटाळलेले असतात, कोणी सेल्फी काढतंय, कोणी जेवणाची वेळ विचारतंय. या कवायतीलाही इतिहास आहे बरं का. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, तिच्यावर सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्या नव्हत्या. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आपण आज जे जॅकेट हातात धरून जांभई देतो, त्याच्यामागे ही गोष्ट आहे.

बाबा जांभई देत नव्हते. त्यांनी जॅकेटचा पट्टा नीट आवळला, शिट्टी कुठे आहे ते बघितलं, आणि कवायत संपल्यावरही ते जॅकेट काढेनात. तिथल्या मुलाने दोनदा हात पुढे केला. मी म्हटलं, "बाबा, द्या आता." तेव्हा काढलं. का, ते मला तेव्हा लगेच लक्षात आलं नाही. म्हणजे माहीत होतं, पण लक्षात आलं नाही.

पाचच्या सुमाराला दोर सुटले. टगबोटींनी आमच्या अकरा मजली धुडाला धक्क्यापासून अलगद ओढलं. मोठं जहाज बंदरातून काढायला बंदराचा पायलट वर येतो. हे पाणी वरून सपाट दिसत असलं तरी खाली खडक आहेत, गाळ आहे, आणि जहाजांसाठी गाळ उपसून केलेली एक वाट आहे. दोन्ही बाजूंना बोये तरंगत असतात, त्यांच्या मधून जायचं. अगदी रस्त्यासारखं.

निघताना मी मागच्या बाजूला, उत्तरेकडे उभी होते. लांबवर अटल सेतूची रेघ दिसत होती, २०२४ मध्ये सुरू झालेला. त्याच्या अलीकडे क्रेन आणि कंटेनर. तिथेच कुठेतरी व्हिक्टोरिया डॉक होता. आता तो भराव घालून बुजवलाय. १४ एप्रिल १९४४ रोजी तिथे 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटा. हो, एकाच जहाजात. कापसाला आग लागली. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. आठशेच्या वर माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. देशभर अग्निशमन सेवा सप्ताह १४ एप्रिललाच का सुरू होतो, त्याचं कारण हे. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या. सोनं सापडत राहिलं म्हणून ही गोष्ट लोकांना आठवते, हेही खरंच.

डेकवर एक घोषणा झाली, इंग्रजीत आणि हिंदीत. 'आपके दाहिनी तरफ...' वगैरे. सगळा जमाव उजव्या कठड्याकडे धावला.

उजवीकडे आधी येते नौदलाची गोदी. तिच्या आत, शहरातल्या माणसाला सहसा दिसत नाही असा मुंबईचा सगळ्यात जुना कोपरा आहे. बॉम्बे कॅसल. पोर्तुगीज काळात इथे गार्सिया द ओर्टा या वैद्याचं घर होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पुढे इंग्रज आले, किल्ला झाला, बराकी झाल्या. आज त्या जागेचं नाव आहे आयएनएस आंग्रे. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

याच गोदीत सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जहाजं बांधली. १७५० मध्ये इथे कोरडी गोदी झाली. पाणी आत घ्यायचं, जहाज आत आणायचं, दार लावून पाणी काढून टाकायचं आणि तळाची दुरुस्ती करायची. मलबारी सागवान वापरायचे. ओक लाकूड कुजतं, सागाला कीड सहसा लागत नाही, म्हणून ब्रिटिश नौदलाने युद्धनौकाही इथून बांधून घेतल्या. १८१३ मध्ये इथे तयार झालेल्या 'कॉर्नवॉलिस'वर १८४२ मध्ये चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली, ज्यात हाँगकाँग गेलं. दुसरी 'त्रिंकोमाली'. ती आजही पाण्यावर आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला. तिचं जलावतरण १२ ऑक्टोबर १८१७ ला झालं. आता आपल्या श्रोत्यांना तारीख ऐकून काहीतरी आठवलं असेल. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. पुण्यात बाजीराव खलबतं करत होता त्याच महिन्यात मुंबईत सागवानी फ्रिगेट पाण्यात उतरत होतं. दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण मला हे एकत्र आठवल्याशिवाय राहवत नाही.

आणि याच पाण्यात फेब्रुवारी १९४६. १८ तारखेला कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक तळावर खलाशांनी अन्न निकृष्ट, वागणूक अपमानास्पद म्हणून काम बंद केलं. बघता बघता ७८ जहाजं आणि वीसेक हजार खलाशी उठावात आले. आपण ज्या बॉम्बे कॅसलचं बोललो, तिथल्या बराकीत गोळीबार झाला. खलाशांना रसद तुटली तेव्हा शहरातली साधी माणसं गेटवेपाशी टोपल्यांतून अन्न घेऊन आली. २३ तारखेला उठाव मागे घेतला गेला. पाठ्यपुस्तकात याला चार ओळी मिळतात. बाबा म्हणतात, त्यांच्या लहानपणी गावातले बोटीवर काम करणारे लोक याच्याबद्दल आवाज खाली आणून बोलायचे.

पण बाबा होते कुठे? उजव्या कठड्याशी नव्हते. मी वळून बघितलं तर ते डेकच्या पार डाव्या बाजूला, एकटे, खुर्चीच्या पाठीला धरून उभे. मी हाक मारली, "बाबा, इकडे या, गेटवे आलं." ते नाही आले. हातानेच 'तू बघ' म्हणाले.

गेटवे ऑफ इंडिया पाण्यावरून बघणं ही खरोखर वेगळी गोष्ट आहे. जमिनीवरून आपण जे बघतो ती त्याची पाठ. ती इमारत समुद्राकडून येणाऱ्याला दिसावी म्हणून बांधलेली आहे. गंमत अशी, की ज्याच्यासाठी बांधायची, तो राजा पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ ला अपोलो बंदरावर उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. स्वागताला तात्पुरता देखावा उभा केला होता. खरी कमान ४ डिसेंबर १९२४ ला खुली झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, याच कमानीतून समुद्राकडे गेली. चोवीस वर्षंसुद्धा पुरी नाही वापरली त्यांनी. या कमानीच्याही आधी, ९ जानेवारी १९१५ ला, गांधीजी दक्षिण आफ्रिकेचं काम आटोपून, इंग्लंडमार्गे याच अपोलो बंदरावर उतरले होते.

गेटवेच्या मागे ताज. आमच्या शेजारी नाशिकचं एक कुटुंब होतं. त्यातले काका मुलांना सांगत होते, "ताजचा नकाशा इंजिनिअरने उलटा बांधला म्हणून त्याने आत्महत्या केली." मी इतिहासाचा पॉडकास्ट करते, मला गप्प बसवेना. म्हटलं, काका, तसं काही नाही. १९०३ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेलचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. वैद्य काम चालू असतानाच वारले, तेही मलेरियाने, आणि चेंबर्स नावाच्या इंग्रजाने काम पुरं केलं. काका म्हणाले, "असेल. पण आमची गोष्ट जास्त चांगली आहे." आता यावर काय बोलणार! पण एका मराठी माणसाने काढलेला आराखडा, आणि आपल्या लक्षात राहिली ती खोटी आत्महत्या. याचं मला वाईट वाटतं.

एवढ्यात डेकवर आणखी गर्दी झाली. खालच्या मजल्यावरून माणसं वर आली. सूर्य शहराच्या मागे उतरत होता, सगळ्यांचे मोबाईल वर. आणि मागून बाबांचा आवाज आला. मोठ्याने, जवळजवळ ओरडून. "अरे, सगळे एका अंगाला नका होऊ!"

दोन-चार जणांनी वळून बघितलं, हसले. नाशिकचे काका म्हणाले, "आजोबा, एवढी मोठी बोट आहे, काही होत नाही." बरोबरच होतं त्यांचं. मी बाबांजवळ गेले. ते म्हणाले, "माहितेय मला. कळतं मला. तोंडातून गेलं."

मग मी डाव्या बाजूलाच थांबले. आणि तुम्हाला सांगते, मुंबईचं बंदर बघायचं तर डाव्या बाजूने बघा. तिथे गर्दी नसते.

डावीकडे आधी जवाहर द्वीप, इंग्रजांचं बुचर आयलंड. तेलाच्या टाक्या आणि जेट्टी. पर्यटकांना काही काम नाही, पण शहराचं पेट्रोल-डिझेल ज्या तुर्भ्याच्या कारखान्यांतून येतं, त्यांचं कच्चं तेल इथे उतरतं. त्याच्यामागे घारापुरी. दोन टेकड्यांचं हिरवं बेट. लेण्यातली त्रिमूर्ती सगळ्यांना माहीत असते. बेटाला एलिफंटा नाव ज्याच्यावरून पडलं तो दगडी हत्ती मात्र बेटावर नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे जोडून आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. जागतिक वारशाचा शिक्का घारापुरीला १९८७ मध्ये मिळाला. आणि वीज? समुद्राखालून केबल टाकून, २०१८ मध्ये. समोर रात्रभर झगमगणारी मुंबई, आणि मधल्या या बेटावर स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं जनरेटर आणि कंदील.

बाबांचं लक्ष घारापुरीकडेही नव्हतं. ते पुढे, दक्षिणेकडे बघत होते. कुलाब्याचं टोक उजवीकडे मागे पडत चाललं. सनकन रॉकचा छोटा दिवा, मग टोकाच्या खडकांवरचा प्रॉन्ग्ज दीपस्तंभ. १८७५ पासून तो उभा आहे. ओहोटीला खडक उघडे पडतात, भरतीला नुसता खांब पाण्यातून वर आलेला दिसतो. इथून पुढे मोकळा समुद्र.

"काशाचा खडक कुठे आला गं?" बाबांनी विचारलं.

मी फोनवर नकाशा उघडला. दिशा दाखवली. डावीकडे, रेवसच्या बाजूला, धुरकट किनाऱ्याच्या अलीकडे. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. घोषणा करणाऱ्या बाईंनी गेटवे सांगितलं, ताज सांगितलं, लेणी सांगितली. काशाच्या खडकाचं नाव कोणी घेतलं नाही. म्हणून आज मी घेतेय.

१७ जुलै १९४७. गुरुवार. स्वातंत्र्याला एक महिनाही उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमाराला भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' नावाची आगबोट रेवसला निघाली. त्या वेळी कोकणच्या बोटींना संतांची नावं द्यायची रीत होती. ही बोट काही मोडकी नव्हती. १९३६ मध्ये इंग्लंडच्या स्वान हंटर कंपनीने बांधलेली, १७९ फूट लांब, वजन चारशे टनांच्या आसपास. याच कंपनीच्या गोदीतली 'कार्पेथिया' टायटॅनिकच्या वाचलेल्या माणसांना घेऊन गेली होती. चालवणारी कंपनी स्वदेशी भांडवलाची, लोक तिला प्रेमाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणायचे. परदेशी कंपन्यांच्या स्पर्धेत आपली माणसं आपल्या बोटीने जायची. यात अभिमान होता.

त्या दिवशी गर्दी होती, कारण आषाढी अवस आली होती. गटारी. श्रावण लागायच्या आधी घरी जाऊन दोन घास खायचे म्हणून निघालेले कामगार, बाजार करून परतणारी कोळी माणसं, व्यापारी. साधारण आठ-नऊशे लोक. निघताना पाऊस रिमझिम होता. बंदराच्या बाहेर पडल्यावर वारा वाढला, लाटा वाढल्या. बोट एका बाजूला कलली. पाणी आत आलं तशी माणसं घाबरून हलली, एका अंगाला झाली. पुढच्या मोठ्या लाटेने बोट उलटी केली. काशाच्या खडकाजवळ. निघून तासभरही झाला नव्हता.

सहाशेहून जास्त माणसं गेली. दोनशेच्या आसपास वाचली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला कळलंच नाही. भाऊच्या धक्क्यावर सगळं रोजच्यासारखं चालू होतं. एक दहा वर्षांचा मुलगा पोहत, तरंगत दुपारी गेटवेपाशी आला, आणि हळूहळू शहराला बातमी लागली. त्याच्या आधी मदतीला पोचले ते रेवसकडचे कोळी. पापलेट भरून मुंबईच्या बाजाराला निघालेल्या त्यांच्या होड्या होत्या. त्यांनी मासळी समुद्रात फेकून दिली आणि माणसं आत घेतली. भर पावसाळ्यात, त्या समुद्रात, आठवड्याची कमाई पाण्यात टाकून. माझ्या मते मुंबई बंदराच्या साडेतीनशे वर्षांच्या इंग्रजी-मराठी इतिहासात यापेक्षा मोठं काम फारसं कोणी केलेलं नाही, आणि त्याची कमान कुठेही नाही.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ, म्हणजे बाबांचा मामा, त्या बोटीत होता. परळच्या गिरणीत बदली कामगार होता. वय एकवीस-बावीस. सुट्टी नव्हती, पण आजीने निरोप पाठवला होता की अवसेला ये. बाबा पाच वर्षांचे होते. त्यांना दोनच गोष्टी आठवतात. एक, रेवसच्या बंदरावर खूप माणसं होती आणि त्यांना कोणीतरी खांद्यावर घेतलं होतं. दोन, त्यानंतर आमच्या घरी गटारीला कधी चूल पेटली नाही. आसपास सगळ्या गावात मटण-मासळीचा वास, आणि आजीच्या घरी आदल्या दिवशीची भाकरी. आजी गेली १९९१ मध्ये, तोवर असंच. निरोप तिने पाठवला होता ना. ती कोणाला काही बोलली नाही कधी, पण समुद्राकडे तोंड करून बसायची नाही. पडवीत खांबाला पाठ लावून, डोंगराकडे तोंड.

बाबा नंतर आयुष्यभर मुंबई-गाव करत राहिले. लाँचने गेले, एसटीने गेले. बोटीत बसले की मधल्या फळीवर बसायचे. आम्ही हसायचो त्यांना.

आता तुम्ही म्हणाल, क्रूझचा भाग म्हणून सुरू केलं आणि कुठे नेलं. पण मला तेव्हा डेकवर हेच वाटत होतं की या पाण्याकडे मजा म्हणून बघणारी आपल्या घरातली मी पहिली. माझ्या आधीच्या माणसांसाठी हे पाणी म्हणजे जायची वाट होती. पलीकडे नोकरी, अलीकडे घर. तिकीट असायचं डेकचं, बसायला सामान, आणि पावसाळ्यात वाट बंद. कोकणातल्या बंदरांत आगबोट धक्क्याला लागायचीच असं नाही. भर समुद्रात थांबायची, मचव्यातून माणसं चढायची-उतरायची, बायका, पोरं, म्हाताऱ्या, हिंदकळत्या पाण्यावर. पुढे रस्ते आले, एसटी आली, 'कोकण शक्ती', 'कोकण सेवक' या बोटीही बंद पडल्या, आणि मग समुद्र आपल्या आयुष्यातून निघून गेला. परत आला तो बफेसकट.

अंधार पडायला लागला तसा पायलट उतरला. ते बघण्यासारखं असतं. त्याची छोटी होडी आमच्या कुशीला लागली, वरून दोरीची शिडी सोडलेली, आणि तो माणूस चालत्या बोटीवरून चालत्या होडीत उतरला. बाबांना हे फार आवडलं. म्हणाले, "पगार काय असेल याला?"

आणि मग डावीकडे खांदेरीचा दिवा लागला. हा दीपस्तंभ १८६७ चा, पण बेटाची गोष्ट त्याच्या दोनशे वर्षं आधीची. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला इथे किल्ला बांधायला पाठवलं. मुंबईचे इंग्रज हादरले. बरोबरच आहे, आपण आत्ता ज्या वाटेने बाहेर आलो, तिच्या तोंडाशी हे बेट आहे. त्यांनी मोठी जहाजं आणून वेढा दिला. मराठ्यांची गुराबं-गलबतं लहान, उथळ पाण्यात चालणारी. थळच्या किनाऱ्यावरून रात्री रसद जायची, इंग्रजी जहाजं उथळात मागे येऊ शकत नव्हती. ऑक्टोबरमध्ये लढाई झाली, त्यात इंग्रजांचं एक गलबत आपल्या हाती पडलं. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला. पुढे इथे आंग्र्यांचा अंमल आला. १७१८ मध्ये गव्हर्नर बूनने परत हल्ला केला, परत हात हलवत गेला. त्याच इंग्रजांच्या कॅसलला आज आयएनएस आंग्रे म्हणतात. लक्षात ठेवा म्हटलं होतं ना, ते यासाठी. आणि २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात खांदेरी आहे.

खांदेरीच्या आत, किनाऱ्यावर दिव्यांची ओळ दिसत होती. थळ, सासवणे, किहीम, तो सगळा पट्टा. फोनला अजून रेंज होती. बाबांनी मला न विचारता गावी फोन लावला, चुलतभावाला. दोघंही ऐंशीच्या वरचे, दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळ्या डेकला ऐकू गेलं.

"अरे, मी बोटीवर आहे! तुमच्या समोरूनच चाललोय!"

पलीकडून काहीतरी झालं. मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. काका गच्चीवर चढत होते, हे मला नंतर कळलं.

"दिसतेय," काका म्हणाले. "इमारत पेटल्यासारखी दिसतेय. आठवड्याला जाते ही. यात आपलं कोणी असेल असं कधी वाटलं नाही रे."

"हलते का?" काकांनी पुढे विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "जराही नाही हलत."

मग रेंज गेली. बाबांनी फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, चला, जेवण किती वाजता आहे?

खांदेरीचं मी आज घाईत उरकलं, मला माहितेय. मायनाक भंडारी, दौलतखान, उंदेरीवर येऊन बसलेला सिद्दी, हे सगळं पुढच्या भागात सावकाश घेऊ. तुमच्यापैकी कोणाच्या घरी 'रामदास'ची किंवा कोकणातल्या आगबोटींची आठवण असेल, एखादं जुनं तिकीट असेल, आजी-आजोबांनी सांगितलेलं काही असेल, तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पंधरा दिवसांनी.